मंगळवारचा माणूस

मंगळवारी कंपनी मला सोडायची.
हजेरीपटावर टाइमकीपर हिरव्या शाईने
त्या चौकोनात 'व' लिहायचा. व म्हणजे वर्ग.
"व म्हणजे वरराजा," लेथवरून भीखा वसावा ओरडायचा,
"चाल्यो, वरराजा चाल्यो!"
आणि मी सायकलवर, पँटला क्लिप लावून,
गोरव्याहून शहराकडे.

पंधराव्या वर्षी पंपाच्या कारखान्यात शिरलो
तेव्हापासून सकाळचे अकरा पाहिलेच नव्हते.
मंगळवारी पाहिले.
दांडिया बाजारात बायका चिकू दाबून बघत होत्या,
न्हावी गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःचीच दाढी करत होता,
सुरसागरच्या कठड्याशी एक म्हातारा
कशाचीही वाट न बघता उभा होता.
मला वाटायचं, आता कुणीतरी विचारणार,
काय रे दिगंबर, या वेळी इथे?
हात खिशात घालायचो.
नखांतलं कटिंग ऑइल मंगळवार पाळत नव्हतं.

वर्गात दलाल साहेब.
"दिसतं तसं काढायचं नाही. आहे तसं काढायचं.
वरून, समोरून, बाजूने."
एच पेन्सिल, टी-स्क्वेअर, भाड्याचा बोर्ड.
घरी येऊन स्टो काढला तिन्ही बाजूंनी.
मग आई काढली, वरून:
एक वर्तुळ, त्यात एक सरळ रेघ.
भांग एवढा रुंद झालाय
हे मला समोरून कधी दिसलं नव्हतं.

रात्रीची शाळा वेगळी. रोजची.
रावपुऱ्यात पोरांच्या प्राथमिक शाळेत,
पोरांच्याच बाकांवर, गुडघे हनुवटीशी.
फळ्यावर दिवसाच्या 'कमळनो क' अर्धा पुसलेला,
त्याच्यावरच खारकर सर बीजगणित मांडायचे.
ते स्वतः जकात नाक्यावर कारकून.
आमच्याइतकेच दमलेले, फक्त उभे.
इस्माईल मणियारच्या अंगाला भट्टीचा वास.
शांताराम दळी छापखान्यात खिळे जुळवायचा,
त्याला सरळ अक्षर वाचायला वेळ लागे.
मागून सुरू करायचा, मग जीभ चावायचा.
आम्ही हसायचो. तोही.

साडेआठनंतर मला झोप यायची.
यायची म्हणजे काय, मशीनचा पट्टा तुटावा तशी.
सरांनी एकदाही उठवलं नाही.
पोरं प्रमेय उतरवून घेत असायची तेव्हा
ते माझ्या बाकाशी ओणवे होऊन
कोपराखालची वही हळूच ओढायचे
आणि राहिलेलं लिहून ठेवायचे, स्वतःच्या हाताने.
घरी जाऊन वही उघडली की कळायचं
आज काय काय शिकलो.
तेव्हा लाज वाटायची. आभार मानायचे असतात
हे सुचलं तोवर त्यांची बदली झाली होती, डभोईला की कुठे.

परीक्षेला फिटिंगचा तुकडा.
कानस मारून मारून दोन भाग एकमेकांत बसवायचे,
खिडकीशी धरायचे.
मधून उजेड दिसला तर नापास.
चार दिवस घासलं. पाचव्या दिवशी
दलाल साहेबांनी एक डोळा मिटला,
तुकडा फिरवला, परत फिरवला.
"केसभर राहिलं," म्हणाले. "जा. पास."

ते केसभर मला पुढे तीस वर्षं दिसत राहिलं,
फोरमन झालो तेव्हाही,
कारखान्याची मशिनं वजनावर गेली त्या दिवशीही.

तुकडा अजून आहे. मध्ये एकदा उघडून बघू म्हटलं.
निघेना. गंज चढलाय फटीत,
खिडकीशी धरला तर अंधार, पुरता.
दलाल साहेब असते तर पैकीच्या पैकी दिले असते.

आता तो वह्यांवर ठेवतो, पंख्याने पानं उडतात म्हणून.
परवा सर्वांत वरची चाळली.
माझं अक्षर, वाकडं, दाबून लिहिलेलं,
ओळीखाली घसरत घसरत एका समीकरणाच्या
बरोबर चिन्हापाशी नुसती रेघ होऊन जातं.
पुढे सरांचं. बारीक, उभं, देखणं.
मग दुसऱ्या दिवशीची तारीख,
आणि परत मी.
कुठे कुठे झोपलो होतो
ते बोट ठेवून दाखवता येतं.