रोजनामचा

सन तेराशे सत्तेचाळीस फसली, बहमनची अकरा.
मुक्काम सेलू. जिनिंगच्या फाटकासमोर, निंबाखाली,
शेषेराव मुदखेडकर, वय अंदाजे चाळीस, कपाळी गंध,
उजव्या हाताची दोन बोटं नाहीत,
दीडशे माणसांपुढे बोलला.

हे मी लिहिलं. उर्दूत, बोरूनं,
अमीनसाहेबांसाठी. महिना चार रुपये हाली.
बोटं रेच्याच्या रुळात गेली होती, हे नाही लिहिलं.
कुणी विचारलं नव्हतं.

भाषण त्याला यायचं नाही. तो हिशेब करायचा.
"गाठ मुंबईला इकली कलदारात,
आन् तुमचा आठवडा मोजला हालीत.
रुपयामागं दोन-अडीच आणे मधीच गेले.
कुठं गेले? सांगा की."
ठकूबाईच्या केसांत तंतू, भुवयांत तंतू,
भर दुपारी तिच्या एकटीवर धुकं उतरल्यासारखं.
तीच बोलली आधी, खोकला आवरून:
"ज्याच्या हातात काटा, त्याच्या घरी."
बायका हसल्या.
मी लिहिलं: सरकारी नाण्याची बेअदबी.

मराठीतून उर्दूत जाताना वाटेत एक नदी लागते.
त्या नदीत मी माणूस बुडवायचो.
तो म्हणाला, प्यायला एक रांजण द्या.
मी लिहिलं, बगावत.
तो म्हणाला, एकमेकाला धरून ऱ्हावा.
मी लिहिलं, साजिश.
झाडाला टांगलेल्या झोळ्यांवर त्यानं सावली मागितली,
तेव्हा मी हुजूम मोजला, आणि झोळीतली लेकरंही धरली.
दीडशेचे दोनशे झाले ते असे.

त्याला माहीत होतं.
एकदा मारुतीच्या पारावर मला बसवून घेतलं,
मूठभर फुटाणे पुढं केले.
"मुनशी, अक्षर देखणं हाय म्हणं तुमचं.
माझं नाव तेवढं नीट लिवा. शेषेराव.
माय तसंच हाक मारायची.
आन् उद्यापून मोठ्यानं बोलतो,
तुमाला झाडामागून ऐकू येत नसंल."
फुटाणे मी खाल्ले. खोटं कशाला सांगू?

संप त्यानं एकादशीला धरला. "आज तसाबी उपासच हाय."
करीम फिटरनं रमजान नसताना रोजा धरला.
द्वादशी आली, पारणं आलं नाही.
अकराव्या दिवशी कंपनीनं फाटकात रांजण ठेवला,
आणि पोलीस.

परभणीच्या अदालतीत दुभाषा आजारी होता.
मुन्सिफ म्हणाले, तुम्हीच सांगा याला, इल्जाम काय आहे.
आता नदी उलटी ओलांडायची होती,
आणि मला आमच्या भाषेत बगावतीला शब्दच सापडेना.
घसा कोरडा पडला.
जे त्यानं म्हटलं होतं तेच तोंडातून आलं:
"शेषेराव, तुम्ही पाणी मागितलं?"
"व्हय," तो म्हणाला, "मागितलं की."
मुन्सिफांनी मान हलवली.
कबूल, असं लिहून घेतलं.

दीड वर्ष. हर्सूलहून आला तेव्हा निम्मा होता.
पुढच्या हंगामात निंबाखाली पुन्हा उभा राहिला,
खोकला जास्त, बोलणं कमी.
त्या हंगामाचा कागद माझ्याकडं नाही.
मी नोकरी सोडली होती, असं मी लोकांना सांगतो.
काढून टाकलं होतं. अक्षर हलायला लागलं म्हणून.

परवा त्याच्या लेकीचा लेक आला.
स्वातंत्र्यसैनिकाच्या फायलीला पुरावा पाहिजे,
आजी थकलीय. कचेरीत एकच कागद निघाला,
आणि तो वाचणारं आता तालुक्यात कुणी नाही.
चष्मा लावला. माझंच अक्षर. खरंच देखणं होतं.
शेषेराव नीट लिहिलेलं होतं.

"दोनशे माणसं होती का हो सभेला?" त्यानं विचारलं.
होती म्हणालो.
काही झोळीत होती.