सिमेंटची होडी

सात नंबर गावातल्या बागेला
मीटर बसवायला पाठवलं मला ऑफिसनं.
परवा पोयला बोइशाख, उद्घाटन.
निरापद हालदार फाटकातच उभे,
लुंगीवर नवा शर्ट, दुकानातल्या घड्या तशाच.
"आधी बघून घ्या, शिडी मग लावा."

मधोमध होडी. निळी. नाक पूर्वेला.
वल्हं चुकीच्या अंगाला बसलंय, ते म्हणाले,
अशी होडी जागीच गोल फिरेल,
गाव येणार नाही.
कारागीर चंद्रपूरचा, जन्मभर वाघच केले त्यानं,
म्हणून शेजारच्या इलिश माशालाही
वाघाचे डोळे.

पुढं फरशीच्या तुकड्यांचा नकाशा.
पद्मा, मधुमती, रूपसा.
निळ्या फरशा आष्टीच्या दुकानात संपल्या,
तेव्हा नदी थांबलीय
समुद्राच्या हातभर अलीकडं.

"होडीतून आलात?"
"छे. माना कॅम्पातून, ट्रकनं. नऊ वर्षांचा होतो.
उतरलो तर नुसती सागाची खुंटं.
आई म्हणाली, पाणी कोणीकडं आहे?
ट्रकमधल्या कुणालाच माहीत नव्हतं."

माझ्या आज्याला माहीत होतं. कोमटी वेलादी.
झरा कुठं, कोणता कंद तीनदा उकळायचा,
त्यानंच दाखवलं म्हणतात.
इथं त्याची मोहाची चार झाडं.
सातबाऱ्यावर नव्हेत, तोंडी.
एक राहिलंय, होडीवर वाकलेलं,
बुंध्याला गेरू-चुना, अन् पाटी:
झाडाखाली बसू नये.

यातलं मी काही बोललो नाही.
शिडी लावली. उलीशी वायर कमी पडली,
जोड दिला.
खाली शिडी धरून निरापदबाबू,
त्यांच्या टकलावर एक फूल पडलं, त्यांनी झटकलं नाही.
वरून होडी आतून दिसते:
रात्रीच्या मोहफुलांनी भरलेली,
आणि दोन पोरं त्यात बसून
फुलं चोखत, हातानंच वल्हवत.

उतरलो तेव्हा ते फुलं गमछात वेचत होते.
"बागेच्या आधीपासून वेचतो. वाळवून ठेवतो.
ज्याचं झाड, तो कधी मागायला आला तर."
थांबून म्हणाले,
"दरसाल कीड लागते. दरसाल नवी ठेवतो."

पिशवी नव्हती माझ्याजवळ.
डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं,
उलटं करून
पुढं धरलं.