पहिलं पाणी

मोरीत नाही, शांतवन. मोरीत कधीच नाही.
विजेच्या जुन्या बिलामागं
तुझ्या तिरप्या अक्षरात आधी एवढंच,
मग खाली, पेन्सिलीनं, जागा उरेल तसं:
वेदीची कापडं वेगळी भिजव.
पहिलं पाणी डाळिंबाला.
साबण दुसऱ्या पाण्यात, तोही वडीचा, पावडर नको.

तू गेल्यावर तिसऱ्या रविवारी
उजगरेबाईंनी पुडकं पुढं केलं,
"दुसरं कोणी बघू का?" म्हणाल्या.
का कोण जाणे, मी म्हणालो, राहू द्या, नेतो.
गुरुवार पेठेतून घरापर्यंत
रिक्षा, हातगाड्या चुकवत
दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं
तशी अवघडून धरली पिशवी.

तुला ठाऊक आहे मी कसा होतो.
एकोणतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात काडतुसं तपासली,
हजारांतलं एक चुकीचं बोटांना कळायचं.
देवळात मात्र मागच्या बाकावर,
खांबाआड, डोळा घड्याळाकडं.
घरी आल्यावर तू विचारायचीस,
"आज उपदेश कशावर होता?"
आणि मी म्हणायचो, लांबीवर.

आता पितळी घंगाळं, गार पाणी.
प्याला पुसायचं फडकं सोडलं
की कडेनं रंग सुटत जातो,
फिका, जांभळट.
कोणाकोणाचे ओठ लागले असतील:
साळव्यांचा थोरला, जो भावाशी बोलत नाही,
मार्थाबाई, ज्यांचा हात थरथरतो
म्हणून पाळकसाहेब प्याला सोडत नाहीत,
आणि सगळ्यांत शेवटी उठलेला मी.
सगळे एका घंगाळात.
हे मोरीत कसं ओतायचं, हन्ना?
गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात ओततो.
डाळिंबाला काही कळतं का, माहीत नाही.
यंदा सात फुलं आली. सातही गळाली.

खळ चुकली दोनदा.
पहिल्यांदा कापडाचा पापड झाला,
पाळकांनी उघडलं तर कर्रकन वाजलं,
ऐन प्रार्थनेत,
आणि पुढच्या बाकावरून, तुझ्या जागेवरून,
कोणीतरी हसू दाबल्यासारखं झालं.
मी पाहिलं. जागा रिकामीच होती.

घडी मात्र जमली.
तीन उभ्या, तीन आडव्या, सगळ्या आतल्या बाजूला.
आत का, ते बिलामागं नव्हतं.
उजगरेबाई म्हणाल्या, अहो, भाकरीचा कण राहिला
तर आतच राहावा, खाली पडू नये.
एवढंच.
इतकी वर्षं माझ्याच टेबलावर
तू एका कणासाठी जागा करत होतीस
आणि मी दारातून विचारायचो,
इस्त्री मोकळी झाली का, माझा शर्ट आहे.

शेजारच्या थत्तेकाकू गॅलरीतून बघतात.
"म्हणजे वसाच घेतलात की हो."
आमच्यात सेवा म्हणतात, मी म्हणालो.
मग दिवसभर तोच शब्द तोंडात घोळत राहिला,
टाकता येत नाही तो.

विश्वास आहे का मला, हे विचारू नकोस.
शनिवारी रात्री ट्यूबलाइटखाली कापड धरतो
आणि तपासनीसाच्या डोळ्यांनी धागा धागा बघतो.
एवढं निरखून मी तुलासुद्धा पाहिलं नसेल.
कोपऱ्यात एक डाग आहे, तुझ्या वेळचा.
तुझ्याकडूनही गेला नाही, माझ्याकडूनही जात नाही.
कारखान्यात असतो तर बाजूला काढलं असतं.
तो आत येईल अशी घडी घालतो.

एक राहिलं.
पहिलं पाणी डाळिंबाला, बरोबर.
दुसरं साबणाचं, ते मोरीत जातं.
तिसऱ्याचं काय करायचीस?
ते लिहिलं नाहीस. कागद तिथंच संपलाय.
मी तेही डाळिंबालाच घालतो.