नऊ नंबर न वापरता

पतपेढीचा जुना सर्व्हर आज कायमचा उतरवायचा.
सातपूर, मुख्य कार्यालय, दुसरा मजला,
रात्रीचे एक चाळीस, एसीखाली शाल गुंडाळून मी.
जावाचा हा अकरा वर्षांचा डोलारा
एका ओळीत मारता येतो: किल, वजा नऊ.
त्याला कळतही नाही आपण मेलो ते.

तुंगार सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं,
'गायधनी, दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात गेलीस कधी?
संध्याकाळी फाटक लावतात.
पण आत आलेली गाडी कोणी हाकलत नाही.
मेथीच्या शेवटच्या जुडीचाही लिलाव होतो,
हमाल हिशेब घेतात, काटा शून्यावर येतो,
मग दिवे.
सर्व्हर तसा उतरवायचा.'

म्हणून आधी फाटक. नव्या कुणाला प्रवेश नाही.
आत एकवीस थ्रेड.
एक मुदतठेवींचं व्याज मोजतोय. मोजू दे.
एकाचे चाळीस एसएमएस जायचेत.
डेटाबेसची कनेक्शनं परत येऊ लागली
भाड्याच्या सायकलींसारखी, एकेक, घंटी न वाजवता.
चौदा. नऊ. चार.
एक.

एक हलेना.
डंप काढून वाचला:
घोटी शाखेच्या उत्तराची वाट बघतोय.
घोटी शाखा तर गुंडाळली आपण,
त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
ह्याला कोणी सांगितलंच नाही.
किती वेळ थांबायचं ते लिहायचं राहून गेलेलं,
म्हणून थांबलाय.
चारशे अकरा दिवस.

बोट नऊवर गेलं, खोटं कशाला बोलू.
पण असा मारला की कुलूप-फाइल उरते.
नवा सर्व्हर येतो, ती बघतो,
आणि दारातच अडून बसतो: आत कुणीतरी आहे.

सरांना एका मंगळवारी सव्वातीनला काढलं.
चहा टेबलावर, कार्ड बंद, लिफ्टपर्यंत वॉचमन सोबत.
अजून शाखांमधून लोक दोनशे चौदा फिरवतात.
रिंग जाते.

मी घोटीकडे जाणारी तेवढी एकच तार तोडली.
थ्रेड दचकला, चूक नोंदवली,
हातात धरून ठेवलेलं खातं सोडलं.
मग सरांनी कधीकाळी लिहिलेल्या शेवटच्या ओळी
क्रमाने चालल्या:
फाइली मिटल्या, कुलूप निघालं,
लॉगमध्ये तारीख, वेळ, 'थांबलो'.
पंख्यांचा आवाज उतरला तेव्हा कळलं
किती आवाज होता.

सहाला मखमलाबादला फोन लावला.
'सर, उतरला. सत्तावीस मिनिटं लागली.'
'कुलूप-फाइल?'
'नाही सर. काही उरलं नाही.'
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
'खालच्या खणात बघ गं,' ते म्हणाले,
'माझा चष्मा असेल.
वाचायचा.'