चौकट

ओहायोतल्या त्या गावात पगार दोनच ठिकाणी मिळायचा:
कागदाची गिरणी, नाहीतर तुरुंग.
गिरणी बंद पडली.

कॉलेजातल्या ओडेगार्डबाई फॉर्म पुढे सरकवतात.
फौजदारी न्याय, चार वर्षं. मग पोलीस, कोर्ट,
प्रयोगशाळा, तुरुंग, प्रोबेशन.
“कुठे खूण करू, मार्लीस?”

मार्लीसचे वडील बावीस वर्षं पहाऱ्यावर.
हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतात.
किल्ल्या घरी आणत नाही, म्हणतात;
पण चालताना उजवा हात कमरेशी
नसलेला जुडगा सावरतो.

ड्वेनमामा त्याच भिंतीआड होता.
सुटला तेव्हा फाटकाबाहेर मार्चमधला बर्फ,
हातात पारदर्शक पिशवी,
बस तासाभरानं.
वडिलांनी बुरुजावरून पाहिलं.
हात केला नाही. नियम.

हे फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

फीचा आकडा ती पुन्हा वाचते,
पेनाचं टोपण चावते,
बाईंच्या हाताखालून फॉर्म ओढून घेते.
‘प्रोबेशन’पुढे खूण, खोडाखोड,
मग पुन्हा खूण, इतकी दाबून
की खालच्या कोऱ्या कागदावरही उमटते.

“त्या कामात गाडी देतात का हो?
नाही दिली तरी चालेल.
माझीचा हीटर चांगला आहे.”