तीन आणि चारच्या मधे

सोहारला समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
मी बावीस प्रश्नांचे कागद घेऊन पोचले
तेव्हा बाहेर चव्वेचाळीस अंश,
कंट्रोल रूममध्ये अठरा.
स्वेटर विसरले होते.

पूर्ण असहमत एक, पूर्ण सहमत पाच.
‘प्रणालीचा सल्ला वेळेवर मिळतो.’
‘प्रणालीचा सल्ला मला समजतो.’
खलफान अल-मुक्बालींनी सरसकट पाच दिले,
कहवा निवायच्या आत.
शिजूने सगळीकडे चार.
मार्चमध्ये करार संपत होता त्याचा.

दाभोळचे इस्माईल परकार मात्र
सातव्या प्रश्नावर पेन धरून बसले.
‘प्रणालीवर माझा विश्वास आहे.’
“बाई, तीन आणि चारच्या मधे काही नाही काय?”
नाही, म्हटलं.
“मग ती रात्र कुठे लिहू?”

त्या रात्री समुद्र लाल व्हायला लागला होता.
पडद्यावर हिरवं: पाणी घेत राहा, धोका नऊ टक्के.
परकार दार उघडून बाहेर गेले, वास घेतला,
खाडीवर वाढलेलं नाक, दुसरं काय, म्हणाले,
आणि पंप बंद केले.
सकाळी जाळीवर बोटभर लाल साय.

“आता एप्रिलचं ऐका.
पडदा हिरवाच. मला वास आला. मी बंद केले.
काहीसुद्धा नव्हतं!
सहा तास अर्धं गाव टाकीतल्या पाण्यावर.
साहेब ओरडले, ते ठीक.
पण हा? हा दोन्ही वेळा गप्प.
एकदा तरी विचारावं ना त्याने,
काय रे परकार, तुझ्या नाकाला काय वाटलं होतं?”

तिनावर खूण केली. खोडली.
चारवर केली, तीही खोडली.
मग दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत
मोहरीएवढं टिंब दिलं
आणि कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला,
पत्त्यांत सरकवतात तसा.

रात्री हॉटेलात आकडे भरताना
तक्ता ते टिंब घेईना.
साडेतीन टाकलं तर लाल चौकट: पूर्ण संख्या भरा.
रिकामं सोडलं तर: प्रतिसाद अपूर्ण.
बाकीच्यांची सरासरी चार पूर्णांक तीन.
कंपनी खूश होईल.

खिडकी जेमतेम वीतभर उघडत होती.
तिथे नाक लावलं.
डिझेल, तळलेली मासळी,
आणि आणखी काहीतरी, किंवा नाहीच.

मागे पडद्यावर प्रश्न तसाच:
ही ओळ वगळू? हो. नाही.

परकारांची पाळी आठला सुरू झाली असेल.