अधिक चार, उणे सव्वा

पहिला आला तेव्हा
हिल्का डिटेक्टरला द्रव नायट्रोजन पाजत होती.
दर आठ तासांनी पाजावा लागतो, तान्ह्या बाळासारखा.
पडद्यावर एक नोंद उमटली, पहाटे तीन सत्तेचाळीस.
कोणी पाहिली नाही. सकाळी सापडली.

ओस्मोने चष्मा कपाळावर ढकलला.
"एक म्हणजे अफवा," एवढंच बोलला
आणि राईच्या पावाला लोणी लावत बसला.

त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा.
केसाहून पातळ पापुद्र्यावर
दिवसरात्र अणूंचा मारा,
नुसते धक्के, नुसती पांगापांग.
एखादाच बिलगतो, एकजीव होतो,
विरळ हेलियममधून सिलिकॉनवर येऊन रुततो
आणि तिथेच फुटतो.
चिमूट सोडाच,
आमच्या माहितीत त्या घटकेला जगात तो एकटाच.
घटका हा शब्दही त्याच्या अंगाला ढगळ.

मग ओळखायचा कसा?
म्हणतात ना, खाण तशी माती.
इथे मातीवरून खाण शोधायची:
त्याची लेक किती वेळाने फुटली, किती जोरात,
मग नात, मग पणती.
पणती तेवढी ओळखीची, जुन्या वह्यांत नोंदलेली.
तिच्यापासून एकेक पायरी उलटं चढायचं
आणि वरच्या दारात कोण उभं होतं ते सांगायचं.

दुसरा नवव्या दिवशी. "दोन म्हणजे योगायोग."
बाहेर युवास्कुलाचं तळं गोठलेलं, उणे चोवीस,
बर्फाला भोक पाडून कोणीतरी
स्टुलावर बसलेलं, दोरी सोडून.
हिल्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

तिसरा शेवटच्या रात्री,
यंत्र दुसऱ्या गटाच्या हवाली करायला
चाळीस मिनिटं उरली असताना.
ओस्मो काही बोलला नाही.
त्याने पाव खाली ठेवला.

तिघांवरून अर्धायुष्य काढलं:
साडेतीन मिलिसेकंद, अधिक चार, उणे सव्वा.
अधिकाची बाजू एवढी मोठी का,
एका विद्यार्थ्याने विचारलं.
हिल्का म्हणाली, खाली शून्य आहे.
कमी जगायला जागाच कमी असते.

मला वेगळंच आठवत राहिलं.
साडेतीन मिलिसेकंद जो टिकला
त्याच्यापुढे पुन्हा तेवढेच, तसेच.
झिजत नाही, वय चढत नाही,
फुटेपर्यंत कोराच.

ओस्मो कठड्याला धरून
जिना उतरला, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत.
हिल्काने पुढच्या गटासाठी वहीत लिहिलं:
नायट्रोजन सहाला पाजला आहे.
पुढचा दुपारी दोनला. विसरू नका.